भाजणी, मोबाइल आणि आमच्या आई

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी घरी मसाले, पापड, लोणची करून विकत असाल किंवा शेजारणींचे ब्लाउज शिवून देत असाल, तर घरातल्या कॉलेजकुमाराने एव्हाना एकदा तरी म्हटलं असेल, "आई, व्हिडिओ टाक की!" मलाही म्हटलं. आणि मी, हसू नका हं, त्यासाठी पैठणी नेसले!

२०२१ सालच्या दिवाळीआधीची ही गोष्ट. ह्यांची नोकरी आदल्या वर्षीच्या टाळेबंदीत गेलेली. साताऱ्यात दोन मुलांच्या फिया भरायच्या होत्या आणि माझ्या हातात काय, तर चकलीची भाजणी. तीसुद्धा खरं म्हणजे सासूबाईंची. गल्लीत खपायची तेवढी खपली, मग गाडं अडलं. म्हणून हा व्हिडिओचा घाट. नाकात नथ, ओट्यावर भरतकामाचा टेबलक्लॉथ, मागे लाइटच्या माळा. "नमस्कार प्रेक्षकहो, आज मी आपणांस आमच्या उत्पादनाची माहिती देणार आहे." महिला मंडळाच्या वार्षिक सभेत अहवाल वाचावा तशी मी सात मिनिटं बोलले. शुद्ध, सात्त्विक, दर्जेदार, पारंपरिक, एकही विशेषण सोडलं नाही. पाहिलं एकेचाळीस जणांनी. त्यातले निम्मे माझ्या माहेरचे. मागणी एकही नाही.

मग एके दिवशी कराडहून एका बाईंचा फोन आला. "ताई, भाजणी घेईन हो, पण माझी चकली तेलात विरघळते. मग ती घेऊन करू काय?" मी कणीक मळता मळता फोन खांद्याला लावून सांगत सुटले. अहो, मोहन जास्त झालं की ती फुटणारच. दोन वाट्या भाजणीला दोन मोठे चमचे कडकडीत तेल, बस्स. मोहन कमी पडलं तर मात्र दगड. आणि तेल पुरतं तापायच्या आत चकली सोडलीत, तर ती तेल पिऊन मऊ पडते. आधी एकच टाकून बघा, सगळा घाणा घालू नका. बाई खूश. फोन ठेवला तर चिरंजीव दारात उभे. "आई, हेच बोल की. असंच."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मोहन जास्त घालून चकली बिघडवली. ती तेलात कशी विसविशीत होते ते जवळून दाखवलं, मग नीट केलेली दाखवली. अंगावर रोजचा कॉटनचा ड्रेस, डोळ्यांसमोर ती कराडची बाई. 'प्रेक्षकहो' नाही, 'तुम्ही' म्हटलं. दीड मिनिटाचा व्हिडिओ. आठवडाभरात चाळीस किलो भाजणी गेली, आणि नंतर आलेले निम्मे फोन "ताई, माझी पण विरघळते" यानेच सुरू झाले. बायका भाजणी विकत घेतातच, पण त्याआधी त्यांना पाहुण्यांसमोरची फजिती टाळायची असते!

आता वाटतं, हे आपल्याकडे जुनंच आहे. १९७० साली कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं, त्यात मापं होती वाटी-चमच्याची. नव्या सुनेच्या ओट्यावर जे होतं, तेच कमलाबाईंनी हातात घेतलं. आणि पुढे २०२० साली अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आजी नातवाच्या मदतीने यूट्यूबवर आल्या, त्या आपल्या गावरान बोलीतच बोलल्या. लाखो लोकांना त्या आपल्या वाटल्या. मी मात्र पैठणी नेसून प्रमाण मराठी झाडत बसले होते.

बाकी तांत्रिक म्हणाल तर फार काही नाही. खिडकी तुमच्या तोंडासमोर हवी, पाठीमागे नको, नाहीतर चेहरा काळा येतो. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला तरी चालतो, हलता कामा नये एवढंच. पंखा, मिक्सर, कुकर बंद. (आमचा एक चांगला व्हिडिओ शेजारच्यांच्या तीन शिट्ट्यांनी घालवला.) पहिल्या वाक्यातच तिची अडचण बोला, आपली ओळख मागाहून. बोलणं अक्षरांतही खाली द्या, कारण कितीतरी जणी बाळ झोपल्यावर आवाज बंद करून बघतात. अन्नपरवान्याचा चौदा आकडी नंबर पाकिटावर असतो, तो एकदा दाखवा. आणि किंमत सरळ सांगा. "किंमत मेसेजमध्ये" असं लिहिणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. भाव लपवायला आपण काय सोनं विकतो?

इथपर्यंत सगळं गोड. पुढचं सांगावं की नाही, असं दोनदा मनात आलं.

आमच्या आई, म्हणजे सासूबाई, ब्याऐंशीच्या. भाजणीचं प्रमाण त्यांचं, चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद, आणि प्रत्येक जिन्नस वेगळा, मंद आचेवर भाजायचा. २०२३ पासून त्या विसरायला लागल्या. एका दुपारी मी बोलत असताना त्या मागे डाळ निवडत होत्या. मध्येच म्हणाल्या, "धने भाजलेस का गं?" मी म्हटलं, "भाजले, आई." दोन मिनिटांनी पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा. मीही तिन्ही वेळा तेच उत्तर दिलं. चिरंजीवांनी तेवढाच तुकडा कापून इन्स्टाग्रामवर टाकला, मागे गाणं लावून.

दोन दिवसांत तो लाखावर लोकांनी पाहिला! "किती गोड आजी", "सून असावी तर अशी". मला सांगायला लाज वाटते, पण ते शेवटचं वाचून मी फुलले. त्या आठवड्यात तीनशे पाकिटं गेली. धाकटीची फी त्यातच भरली.

मग नाशिकहून वन्संचा फोन. "वहिनी, माझ्या ऑफिसातल्या बाईने मला आईचा व्हिडिओ पाठवला. सोबत हसणारे चेहरे. तू आईला विचारलं होतंस का?"

विचारलं नव्हतं. आपल्या घरातलं माणूस, विचारायचं काय, असंच धरून चालले होते. संध्याकाळी आईंना मोबाइल दाखवला. त्या चष्मा लावून बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "ही म्हातारी तेच तेच काय विचारतेय?" मग त्यांना हातातल्या पाटल्या दिसल्या. स्वतःच्या मनगटाकडे बघून हळूच म्हणाल्या, "मी अशी करते का गं?"

रात्री तो व्हिडिओ काढून टाकला. मुलगा रागावला. "आई, एवढं लोक पुन्हा येणार नाहीत." हे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी हिशोबाची वही उघडून बसले होते. दोघांचंही चुकत नव्हतं. पुढच्या महिन्यात विक्री निम्म्यावर आली, आणि त्या आजी कुठे गेल्या म्हणून विचारणाऱ्या बायकांना काय उत्तर द्यावं, हे मला अजून सुचलेलं नाही.

आता आईंचे हात कधी कधी दिसतात. मी आधी विचारते. त्या हो म्हणाल्या हे त्या विसरतात, म्हणून टाकण्याआधी पुन्हा दाखवते. नको म्हणाल्या तर नको. मुलगा कुरकुरतो, पण थांबतो.

परवा विचारलं तर म्हणाल्या, "थांब, लुगडं बदलून येते." मी खिडकीशी मोबाइल लावून, ताट मांडून बसले. बऱ्याच वेळाने त्या आल्या, त्याच लुगड्यात, हातात रिकामी वाटी. ओट्याशी येऊन म्हणाल्या, "धने भाजलेस का गं?"

मी मोबाइल पालथा घातला. म्हटलं, "नाही हो आई. चला, दोघी मिळून भाजू."