सांगणारा कोण?

इतिहासाच्या तासाला एखाद्या बखरीचा उतारा निघाला, की बाकांवरून पहिला प्रश्न येतो तो बखरकार कोणत्या पक्षाचा, कोणत्या जातीचा, हा. उत्तर मिळाले की निम्मा वर्ग बखर मिटून ठेवतो. आपला असेल तर खरे, परका असेल तर खोटे! या हिशेबाला मी पुरता कंटाळलो होतो. अशातच आमच्या शहरातील एका शिया मित्राच्या घरी मोहरमच्या सातव्या रात्री जाण्याचा योग आला.

त्या रात्री दख्खनमध्ये कासिमची मेंदी असते. इ. स. ६८० मध्ये करबल्याला इमाम हुसेन यांच्याबरोबर त्यांचा कोवळा पुतण्या कासिम मारला गेला; मरणापूर्वी तेथेच त्याचे लग्न लागले, अशी कथा. मित्राची आजी ती सांगताना रडत होती. मीही गलबललो. बाहेर पडल्यावर मित्र शांतपणे म्हणाला, "हे लग्न आमचे कित्येक आलिम मानीत नाहीत."

मग मी वाचू लागलो. नजफचे शिया पंडित मिर्झा हुसेन नूरी (मृत्यू १९०२) यांनी प्रवचनकारांच्या रचलेल्या कथांवर एक पुस्तकच लिहिले आहे, आणि तेही हिंदुस्थानातील एका विद्वानाने तक्रार केल्यावरून. कासिमचे लग्न इ. स. १५०० च्या सुमारास हेरातच्या काशिफीच्या ग्रंथात प्रथम दिसते, असे ते सांगतात. मधली आठशे वर्षे ते कोठे होते? १९६९ मध्ये इराणात मुर्तजा मुतह्हरी यांनीही व्याख्यानांतून हाच विषय मांडला. हुसेन यांच्यासाठी अश्रू ढाळणाऱ्यांनीच हे करावे, याचे मला मोठे नवल वाटले.

त्यांची पारख कशी? अमक्याने तमक्याकडून ऐकले, ही सांगणाऱ्यांची साखळी आधी तपासायची. त्यासाठी अकराव्या शतकात नजाशीसारख्यांनी माणसांच्या नोंदींचे ग्रंथच केले. हदीस कुराणाविरुद्ध जात असेल, तर टाकायची. पुढे हिल्ला येथील विद्वानांनी चार प्रती ठरविल्या : सहीह, हसन, मुवस्सक, जईफ. (सतराव्या शतकात अखबारी पंथाला ही वर्गवारीच मान्य नव्हती. असो.) माझे मन जडले ते तिसरीवर. मुवस्सक म्हणजे सांगणारा आपल्या पंथाचा नाही, पण खरे बोलणारा आहे. श्रद्धा एका पारड्यात, सचोटी दुसऱ्या!

कासिमचेच पाहा. त्याच्या चपलेचा बंद तुटला होता आणि ती चप्पल डावी होती, हे सांगणारा हुमैद बिन मुस्लिम शत्रूच्या सैन्यात होता. शेख मुफीद (मृत्यू १०२२) यांनी तरीही त्याचे कथन घेतले. आजीच्या लग्नाला साक्षीदार नाही. तुटक्या बंदाला आहे, आणि तो वैऱ्याच्या गोटातला.

परवा आम्ही दोघे दौलताबादला गेलो होतो. किल्ला एके काळी निजामशाहीचा. १५३७ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने शाह ताहिरच्या प्रभावाने शिया पंथ स्वीकारला. राजपुत्र आजारी, शाह ताहिरने राजाकडून करविलेला नवस, रात्री राजाला स्वप्न, सकाळी मुलगा बरा, अशी कथा फिरिश्ताने दिली आहे. फिरिश्ता त्या घटनेनंतर जन्मलेला, आणि लिहीत होता विजापुरात. मधले सांगणारे कोण? मित्राने हसत निकाल दिला, "जईफ." मी मात्र अजून ती नावे शोधतो आहे.