पाण्याखालची पाने

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे हे नाणेघाटाच्या पायथ्याचे गाव. तेथून निघालेली वाट रानातून चढत जाते व खडक फोडून केलेल्या खिंडीतून जुन्नरच्या बाजूस उतरते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळी, याच वाटेने व्यापाऱ्यांचे तांडे ये-जा करीत. घाटमाथ्याच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. जवळच पाण्याची टाकी आहेत. वर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकीत, असे लोक सांगतात.

परंतु ही वाट वैशाखऱ्यास संपत नव्हती. ती पुढे कल्याण व सोपारा या बंदरांस भिडत असे आणि तेथून माल जहाजांत चढून दूरदेशी जाई. या वाटेचा डोंगरातील भाग आज कोणासही पाहता येतो. समुद्राकडील भाग मात्र बव्हंशी गाळाने आणि पाण्याने झाकला आहे. सोपाऱ्याचा स्तूप जमिनीवर होता, म्हणून १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना तो उकरून पाहता आला. घारापुरीच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी विटांच्या जुन्या बांधकामाचे अवशेष व रोमन मद्यकुंभांची खापरे संशोधकांना सापडली. मग त्याहून खोल पाण्यात काय काय पडले असेल?

हा प्रश्न केवळ समुद्राचा नाही. भीमा नदीवर उजनीचे धरण झाले, तेव्हा इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव गाव बुडाले आणि त्याबरोबर पळसनाथाचे प्राचीन मंदिरही. धरण झाले म्हणून शेते भिजली, हे खरे. पण त्यासाठी एका गावाने आपले घर आणि देऊळ दिले, हेही तितकेच खरे. एखाद्या दुष्काळी उन्हाळ्यात पाणी ओसरते आणि मंदिर पुन्हा दिसू लागते. लोक गर्दी करतात, हात जोडतात, छायाचित्रे घेतात. पाऊस येतो, पाणी चढते आणि सारे पुन्हा दिसेनासे होते. वास्तविक ते थोडे आठवडे म्हणजे अभ्यासाची पर्वणीच! तेवढ्या अवधीत प्रत्येक खांबाचे मोजमाप घ्यावे, शिल्पांची नोंद करावी, ढासळता भाग सावरावा.

अज्ञान जसे घातक, तसा उतावळेपणाही. विजयदुर्गाजवळच्या समुद्रात पाण्याखाली भिंत आहे आणि तिच्यावर आपटून शत्रूची गलबते फुटत, अशी कथा कोकणात प्रसिद्ध आहे. पाण्यात उतरलेल्या अभ्यासकांना तेथे दगडांची लांब रांग आढळली. ती मनुष्याने रचली की निसर्गाने, याचा निर्णय अभिमानाने होणार नाही. तो अभ्यासानेच होईल.

असा अभ्यास आपल्या देशास अपरिचित नाही. १९८३ पासून डॉ. एस. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी द्वारकेच्या समुद्रात शोध घेतला. ध्वनिलहरी सोडून तळाचा नकाशा काढता येतो. पाणबुडे खाली जाऊन मोजमापे घेतात. वर काढलेली वस्तू मात्र जपावी लागते. शतकानुशतके पाण्यात राहिलेले लाकूड एकाएकी वाळले तर तडकते. म्हणून वस्तू उचलण्याआधी तिच्या जागेची नोंद करणे हा पहिला नियम होय. जागेवरून हललेला दगड मुका होतो.

हे काम खर्चाचे व चिकाटीचे आहे. तरी ते लांबवणे परवडणारे नाही. रेतीचा उपसा, मासेमारीची जड जाळी आणि लाटांचा मारा कोणासाठी थांबत नाहीत. शासनाने व विद्यापीठांनी हे कार्य नेटाने चालवावे. आणि कोळ्याच्या जाळ्यात किंवा शाळकरी मुलाच्या हाती जुने खापर आले, तर त्याने ते घरी न नेता जाणत्यांना कळवावे.

नाणेघाटाच्या शिळेवरील अक्षरे वाचता आली, म्हणून नागनिका आपल्याला कळली. त्याच ग्रंथाची काही पाने पाण्याखाली आहेत. ती विरघळण्यापूर्वी वाचणे, हे आपले कर्तव्य आहे.