प्रतिध्वनीची पेटी

डोंगरासमोर उभें राहून हाक मारावी आणि डोंगरानें तीच हाक परत द्यावी, ही मौज कोणास ठाऊक नाहीं? ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर चालतो. म्हणून समोरचा कडा सतरा मीटरांहून जवळ असला, तर हाक व तिचें उत्तर कानांत एकच होऊन जातात. कडा दूर असला म्हणजे उत्तर वेगळें ऐकूं येतें. हा डोंगर गिटार वाजविणाऱ्यांनीं पायाखालच्या एका लहानशा पेटींत आणून ठेविला आहे. तिला ‘डिले पेडल’ म्हणतात.

या पेटीचें घराणें टेपपासून सुरू होतें. १९५४ पासून अमेरिकेंत मेम्फिस येथें सॅम फिलिप्स यांनीं एल्विस प्रेस्ली यांचीं गाणीं मुद्रित करतांना दुसऱ्या टेपयंत्राच्या साहाय्यानें आवाजामागें क्षणार्धांत त्याचीच सावली उमटविली. पुढें १९५९ च्या सुमारास ‘एकोप्लेक्स’ हें यंत्र निघालें. टेपवर एका ठिकाणीं स्वर लिहावयाचा व टेप सरकली कीं दुसऱ्या ठिकाणीं तो वाचावयाचा, एवढीच त्यांतील युक्ति. दोहोंमधील अंतर वाढविलें कीं विलंब वाढे. १९६९ सालीं हॉलंडांतील फिलिप्स कंपनीच्या संशोधकांनीं टेपवांचून काम भागविलें. आग विझवितांना लोक रांगेनें उभे राहून पाण्याच्या बादल्या हातोहात पुढें देतात, तसा विद्युद्भार पुढें पुढें देणारें मंडल त्यांनीं रचिलें, आणि त्याचें नांवही बादल्यांच्या रांगेवरूनच पडलें.

डिजिटल पेटींत मात्र आंकड्यांचा व्यवहार. सेकंदास हजारों वेळां स्वराचें माप घ्यावयाचें, तीं मापें यंत्राच्या स्मृतींत ठेवावयाचीं व ठरलेल्या वेळानें बाहेर काढावयाचीं. जपानच्या बॉस कंपनीनें १९८३-८४ च्या सुमारास ‘डीडी-२’ ही पायानें दाबावयाची पेटी बाजारांत आणिली; तींत ८०० मिलिसेकंदांपर्यंत विलंब मिळे. टेपवर स्वर पुन्हां पुन्हां मुद्रित होतांना थोडाथोडा झिजे, म्हणून तिच्यावरील प्रत्येक पुनरुक्ति आधीच्याहून धूसर होई. आंकडे झिजत नाहींत. परंतु हुबेहूब पुनरुक्ति अनेकांच्या कानांस कोरडी वाटली, तेव्हां कारागिरांनीं डिजिटल पेट्यांतच टेपची झीज मुद्दाम उतरविली!

अशी पेटी आमच्या घरीं आली, तेव्हां वडिलांनीं विचारलें, “अरे, वाजवितोस तूं कीं ही पेटी?” प्रश्न थट्टेचा होता, तरी त्यांत काळजी होती. श्रम टाळण्याची संवय एकदां लागली कीं ती गिटारपुरतीच राहत नाहीं, हें ते जाणून होते.

आम्हीं तोंडानें उत्तर न देतां गिटार घेतली. मिनिटास १२० ठोक्यांची लय धरली, तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा होतो. पेटीवर त्याच्या पाऊणपट, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांचा विलंब लावून प्रत्येक अर्ध्या ठोक्यास एक स्वर छेडला, कीं परतलेला स्वर दोन स्वरांच्या बरोबर मधल्या जागीं येऊन बसतो आणि साधी सुरावट विणल्यासारखी भासते. आयर्लंडांतील ‘यू-टू’ वृंदाचे वादक ‘द एज’ यांची शैली बरीचशी याच युक्तीवर उभी आहे. वडील बराच वेळ ऐकत राहिले. मग आम्हीं म्हटलें, “बाबा, वाजवितों मीच. पेटी फक्त ऐकविते.”

आणि तें खरेंच आहे. लय किंचित् ढळली, तर पेटी ती झांकीत नाहीं. उलट तीन-चार वेळां सांगते. जो सारखा वाजवीतच सुटतो, त्याच्या परतलेल्या स्वरांस बसावयास जागा उरत नाहीं व नुसता कल्लोळ होतो. स्वर छेडावा, हात आवरावा, परत आलेला स्वर ऐकावा, मगच पुढें जावें. बोटांच्या मेहनतीपेक्षां हें थांबणेंच आम्हांस अधिक कठिण वाटतें.

विद्यार्थिमित्रहो, ही पेटी प्रत्येकानें घ्यावी असा आमचा मुळींच आग्रह नाहीं. मात्र ज्याच्यापाशीं ती असेल, त्यानें आधीं ती बंद ठेवून धडा पक्का करावा व मगच तीवर पाय ठेवावा. पेटी बंद असतांना जें ऐकण्याजोगें असतें, तेंच पुन्हां ऐकावेंसें वाटतें.