धर्मादाय खात्यांतील एक नोंद

आमचे थोरले काका १९८४ सालीं वारले. त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या पाहून देण्याघेण्याचा मेळ घालण्याचें काम आमच्याकडे आलें. काकांचा हिशेब म्हणजे मोत्यासारखें अक्षर आणि पैचीही चूक नाहीं. त्या वह्यांत सहा वर्षें, दरमहा पांच तारखेस, 'धर्मादाय' या सदराखालीं साठ रुपयांची मनिऑर्डर एकाच गांवीं गेलेली होती. पोंचपावत्या निराळ्या लखोट्यांत जपून ठेवलेल्या. सही एका बाईची. शेवटच्या पावतीच्या पाठीवर काकांच्याच हातची एक ओळ होती : 'बाळ शाळेंत जाऊं लागला.'

त्या दिवशीं घरांत जेवणें उशिरा झालीं, एवढेंच सांगतों.

आमच्या वडिलांचें म्हणणें पडलें कीं, दाता गेला, दान संपलें. काकू माजघराच्या दारांत उभ्या होत्या. त्या कांहींच बोलल्या नाहींत. नात्यांतले एक वकील समाचारास आले होते, त्यांस आम्हीं संकोचानें विचारलें. ते म्हणाले, "हें दान नव्हेच." १९५६ च्या हिंदु दत्तक व निर्वाह कायद्याच्या विसाव्या कलमाप्रमाणें, औरस असो वा अनौरस, अज्ञान अपत्याचें पोषण आईबाप दोघांवरही बंधनकारक आहे. बाप वारला तर तें ओझें, पुढील दोन कलमांनीं, त्याची मिळकत घेणाऱ्या वारसांवर मिळकतीपुरतें येतें. मात्र त्याच सालच्या वारसा कायद्यानें असें मूल आईचेंच वारस. बापाच्या मिळकतींत त्यास वांटा नाहीं. काकांस दुसरें अपत्य नव्हतें. वारस एकट्या काकू. म्हणजे ओझें आलें तें नेमकें त्यांच्यावर!

काका जिवंत असतां नाकबूल झाले असते तर? फौजदारी कायद्याची तरतूद याहूनही जुनी आहे. १८९८ च्या कायद्यांतील ४८८ वें कलम, १९७३ च्या संहितेंतील १२५ वें, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेलें भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें १४४ वें, या तिन्हींत अनौरस मूल स्पष्ट शब्दांनीं घेतलेलें आहे. त्या मुलाच्या पोटगीसाठीं मॅजिस्ट्रेट बापास लग्नाचा दाखला मागत नाहीं. मूल तुझें काय, आणि तुझी ऐपत काय, एवढेंच पाहतो. दरमहा ५०० रुपयांची मर्यादा होती, तीही २००१ सालीं गेली. परंतु पहिल्या प्रश्नावरच बाई अडते. रक्ताची तपासणी सरसकट करवूं नये, कोणाचें रक्त बळजबरीनें घेऊं नये, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९३ सालीं सांगितलें. आज डीएनए तपासणीनें बाप ठरवितां येतो. तरी ती मागणें, वकील गांठणें, तान्हें घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यांत बसणें, हें सारें आईच्याच वांट्यास.

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, तें मुख्यतः आमच्यासारख्यांच्या घरांतील विधवांसाठीं, हें आम्हांस विसरतां येत नाहीं. मुलाचा प्राण वाचवावयाचा तर आईचें नांव झांकावें लागे. बापाचें तर आपोआपच झांकलेलें असे. बापाचें नांव न सांगतांही अविवाहित आईस पालकत्व मिळूं शकतें, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१५ सालीं ठरविलें, तें योग्यच झालें. पण नांव झांकण्याची ही मुभा आईची आहे. बापानें ती आपली समजूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. आमच्या काकांनीं पैसे पाठविले, हें खरें. नांव दिलें नाहीं, हेंही खरें.

वकील गेल्यावर काकूंनीं वही मागितली. चष्मा लावून पानें उलटलीं आणि म्हणाल्या, "यांचें हिशेबांत कधीं चुकलें नाहीं. येथें सदर चुकलें. हा धर्म नव्हे, देणें आहे. खोडून नीट लिही. आणि साठांत शाळकरी पोराचें काय होतें? दीडशें पाठव."

आम्हीं तसें केलें. मुलगा सज्ञान होईपर्यंत पांच तारीख एकदांही चुकली नाहीं. त्यास घरीं आणलें, पंक्तीस बसविलें, असें लिहितां आलें असतें तर आम्हांस बरें वाटलें असतें. तसें झालें नाहीं. आम्ही त्या गांवावरून दोनदां एस. टी. नें गेलों, उतरलों नाहीं.