ड्युटी सोडू नकोस

मिरज,
शनिवार, रात्री

चि. बाळ,


काल फोनवर तू सहज बोलून गेलीस, ‘सोमवारी राजीनामा देते, मग रोज चौदा तास बसेन. एवढ्यात एनक्लेक्स निघेल ना?’ मागे ताईचा, तुझ्या आईचा, आवाज येत होता, म्हणून मी काही बोलले नाही. पण रात्रभर डोळा लागला नाही.

अमेरिकेत नर्स व्हायच्या परीक्षेला किती तास, हा प्रश्नच मला पटत नाही. व्याख्या, कारणं, लक्षणं लिहून सुटायला ही काय आपली विद्यापीठाची परीक्षा आहे? एनक्लेक्सला कॉम्प्युटर तुझं उत्तर बघून पुढचा प्रश्न निवडतो. बरोबर आलं की अवघड, चुकलं की सोपा. तू रेषेच्या वर आहेस की खाली, याची 95 टक्के खात्री पटली की परीक्षा थांबते. कमीत कमी 85 प्रश्न, जास्तीत जास्त 150, वेळ 5 तास. म्हणून अभ्यास चांगला असला तरी शेवटपर्यंत सगळं अवघडच वाटतं. तुझी वहिनी 85व्या प्रश्नाला बंद झालेल्या स्क्रीनकडे बघून रडत बाहेर आली, आणि पास होती. पण ती दुसरी खेप. पहिल्या खेपेला तिने नोकरी सोडून चार महिने दार लावून घेतलं होतं. सहा हजार प्रश्न सोडवले. उत्तर का चुकलं, ते मात्र एकदाही वाचलं नाही. तू तेच करायला निघालीस.

अगं, ती परीक्षा विचारते काय? चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाशील? हे खोलीत बसून कसं येणार?

माझा अकरा नंबरचा बेड तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते. नाइट ड्युटी, दोघी सिस्टर आणि भरलेला वॉर्ड. दुपारी ऑपरेशन झालेला माणूस चादर चिवडत होता, ‘बरं वाटत नाही’ म्हणत होता. बीपी 120/80. मी लिहिलं आणि पुढे गेले. नाडी 90 वरून 124 झाली होती, तीही मीच लिहिली होती. तासाभरात तो गार पडला. पोटात रक्तस्राव होत होता. पुन्हा थिएटरमध्ये नेला म्हणून वाचला. आधी माणूस अस्वस्थ होतो, नाडी पळते, बीपी मागाहून पडतं, हे ट्रेनिंगमध्ये मी घडाघडा म्हणून दाखवलं होतं. समजलं त्या रात्री. तशा प्रश्नाला आज मी झोपेतही चुकणार नाही.

वॉर्डात जे मिळत नाही, तेवढ्यासाठी मात्र टेबलाशी बैस. औषधांची नावं आधी. आपलं पॅरासिटामॉल तिथे ॲसिटामिनोफेन, ॲड्रेनलिन म्हणजे एपिनेफ्रिन, सालब्युटामॉल म्हणजे अल्ब्युटेरॉल, पेथिडीन म्हणजे मेपेरिडीन. दुसरं, कामाची वाटणी. आपल्याकडे स्पंजिंग नातेवाईक करतात, बेडपॅन आयाबाई देते, आणि आपण ‘सरांना विचारते’ म्हणून मोकळ्या होतो. तिथे मदतनिसाला काय सोपवायचं हे नर्सने ठरवायचं. पहिली तपासणी, पेशंटला शिकवणं, उपचाराचा गुण आला की नाही ते बघणं, यातलं काही मदतनिसावर सोडता येत नाही. आणि एप्रिल 2023 पासून केस स्टडी आल्या आहेत, तीन केस, प्रत्येकीवर सहा प्रश्न. त्यात तर पेशंटची फाइलच समोर ठेवतात. नोट्स, रिपोर्ट, तासातासाची नाडी. माझा अकरा नंबरचा बेडच म्हण.

तेव्हा हिशेबच हवा असेल तर हा घे. चार महिने, ड्युटी सांभाळून रोज तीन तास. साठ प्रश्न पुरेत, पण प्रत्येकाखाली ‘का’ वहीत लिहायचं, बरोबर आलेल्याखालीही. तेवढं झालं की झोपायचं. परवा फोटोत तुझे डोळे बघितले मी. जेवतेस का नीट? ताई म्हणते दोन घास खाऊन उठतेस. आणि गणपतीत ताईच्या हातात पाटल्या दिसल्या नाहीत. मी विचारलं नाही. परीक्षेची फी 200 डॉलर, भारतात द्यायची म्हणून वर 150. त्यात आता पगारही बंद करणार आहेस? समजा नापास झालीसच, तर 45 दिवसांनी पुन्हा बसता येतं. पण ते 45 दिवस कशावर काढशील? नोकरी असेल तर पाटल्यांनंतर ताईच्या गळ्यातल्या सोन्याला हात लावावा लागणार नाही.

राजीनामा लिहून ठेवला असशील तर फाडून टाक. सोमवारी ड्युटीवर जा, आणि सुटलीस की आधी मला फोन कर.

तुझी,
मावशी