बिनबटणांचा रेडिओ

रेडिओ म्हटला की वडीलधाऱ्या माणसांच्या डोळ्यांपुढे एक लाकडी पेटी उभी राहते. तिला दोन वाटोळी बटणे, काचेमागे मंद दिवा आणि अंकांच्या पट्टीवर सरकणारा काटा. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, तेव्हा हिंदुस्थानातील श्रोते ती शॉर्टवेव्हवर ऐकत. काटा केसभर हलला की गाणे नाहीसे व्हावे, आणि घरातील एखाद्या जाणत्या हाताने ते पुन्हा हुडकून आणावे, असा तो काळ होता.

आमच्या पांढुर्ण्याच्या शाळेतील रेडिओला बटण नाही, काटा नाही आणि दिवाही नाही. अंगठ्याहून थोडी मोठी अशी एक डबी संगणकाला लावायची, एवढेच त्याचे रूप. गेल्या शतकाच्या अखेरीस जपानच्या आयकॉम कंपनीने ‘पीसीआर-१०००’ नावाची बिनबटणांची पेटी काढली होती. पण तिची किंमत शाळेच्या आवाक्यातली नव्हे. आमच्या डबीतील चिप मुळात डिजिटल दूरचित्रवाणीसाठी बनलेली. तीच चिप इतर लहरीही संगणकाच्या स्वाधीन करू शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींनी उघडकीस आणले आणि हा छंद गरिबाच्या घरी आला. गच्चीपासून कडुलिंबापर्यंत दहा मीटर तांब्याची तार ताणली, तोच आमचा एरियल.

संगणकावरील सॉफ्टवेअर सुरू केले की पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागात डोंगररांगेसारखी एक रेषा थरथरू लागते, आणि तिच्याखाली निळ्या पाण्याचा धबधबा संथपणे उतरू लागतो. त्या पाण्यात जेथे पिवळी उभी रेघ दिसेल तेथे एखादे केंद्र बोलत आहे असे समजावे. रेघेच्या दोन्ही बाजूंस पंखांसारखी फडफड दिसते, तो त्याचा आवाज. रेघेवर माउसने टिचकी मारली की आवाज कानी येतो. जुन्या रेडिओचा काटा एका वेळी एकाच ठिकाणी उभा राही. येथे २४०० किलोहर्ट्झचा प्रदेश एकदम नजरेस पडतो. ३१ मीटरचा सबंध पट्टा, म्हणजे ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झ, त्याच्या एका कोपऱ्यात मावतो. शेजारचे केंद्र घुसखोरी करू लागले, तर ऐकण्याची रुंदी कमी करावी. आवाज थोडा बोदा होतो, पण शब्द कळतात. ‘गेन’ मात्र हात राखून वाढवावा. मुलांना तो शेवटपर्यंत ओढण्याची भारी हौस, आणि मग नसलेली केंद्रे भुतांसारखी जागोजाग उगवतात.

पहिल्या आठवड्यात केंद्रांपेक्षा दुसरेच काही अधिक दिसले. पडद्यावर समान अंतराने उभ्या रेघांची जाळी पसरली होती आणि कानात नुसती घरघर. मुलांनी एकेक वस्तू बंद करून पाहण्यास आरंभ केला. एलईडी दिवा मालवला, एक जाळी गेली. मोबाइलचा चार्जर काढला, दुसरी गेली. इन्व्हर्टर बंद केल्यावर उरलेल्यांपैकी पुष्कळशी निवळली. आपल्या घरातील निरुपद्रवी वस्तू आकाशात एवढा कालवा करीत असतील, हे सांगून पटले नसते. एके संध्याकाळी सबंध गावाची वीज गेली. संगणक बॅटरीवर चालू होता. निळे पाणी क्षणार्धात स्वच्छ झाले, आणि त्यात एकामागून एक फिकट रेघा उमटू लागल्या. वीज जाणे ही सुखाची गोष्ट वाटावी, असा प्रसंग आमच्या गावी विरळाच!

लघुलहरी सरळ क्षितिजाकडे निघून जात नाहीत. अडीचशे-तीनशे किलोमीटर उंचीवरील विद्युद्भारित थरावरून त्या पुन्हा पृथ्वीकडे वळतात, म्हणून दूरचा आवाज येथे पोचतो. हे शिकविताना आम्ही मुलांना एक गणित घातले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. तो ४२.३४ मीटरवर बोलत असे. ३,००,००० ला ४२.३४ ने भागले की उत्तर किलोहर्ट्झमध्ये मिळते: सुमारे ७०८५. मुलांनी तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये घातला. आज ही जागा परवानाधारक हौशी रेडिओचालकांच्या पट्ट्यात येते. तेथे ‘एएम’ सोडून ‘एलएसबी’ निवडावे लागते. नाहीतर माणसाचे बोलणे बदकाच्या ओरडण्यासारखे ऐकू येते.

मुंबईतील ती मंडळी सतत जागा बदलीत, आणि पोलिसांच्या लहरी शोधणाऱ्या गाड्या मागावर फिरत. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ती पकडली गेली. तीन महिनेही पुरे झाले नव्हते. आमची मातृभाषा कोंकणी असल्यामुळे दुसरी एक हकीकत सांगितल्यावाचून आम्हांस राहवले नाही. २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोवा मुक्त होईपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आधी आंबोलीच्या व नंतर कॅसल रॉकच्या रानातून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ कोंकणीत व पोर्तुगीज भाषेत चालविला. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली.

हे ऐकून नववीतील एका मुलीने विचारले, “सर, हा पडदा तेव्हाच्या पोलिसांकडे असता, तर?”

प्रश्न अडचणीचा होता. केवळ पडद्यावरून केंद्राची दिशा कळत नाही, त्यासाठी निराळी साधने लागतात, हे आम्ही सांगितले; परंतु रेघ दिसली असती हे खरेच. सबंध पट्टा एकदम पाहणाऱ्यापासून ती फार वेळ लपली नसती. जी रेघ तहानलेल्या श्रोत्याला दिसते, तीच पाठलाग करणाऱ्यालाही दिसते.

ती मुलगी थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग तिने वहीने तो झाकला, हेडफोन कानांवर नीट बसविले आणि डोळे मिटून ऐकू लागली. “दोघे बोलताहेत,” ती म्हणाली. “एक म्हणतो, तुमचा आवाज पाच-नऊ येतो आहे.” आम्ही पाच-नऊ म्हणजे स्पष्ट आणि जोरकस असा अर्थ सांगेपर्यंत तिकडचे बोलणे पावसावर गेले होते.