तीन बोटी, एक कुटुंब

समुद्रप्रवास म्हटला की आपणांपैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे दोनच चित्रे उभी राहतात. एक, जुन्या काळी विलायतेस जाणाऱ्या आगबोटीचे. दुसरे, हल्लीच्या जाहिरातींतील पांढऱ्याशुभ्र, दहाबारा मजली तरंगत्या हॉटेलाचे. पहिले इतिहासजमा झाले आणि दुसरे आपल्या खिशाचे नव्हे, असे समजून मध्यमवर्गीय कुटुंब समुद्राचा विचार सोडून देते व आगगाडीचे तिकीट काढते. वाचकहो, या दोहोंच्या मधे आपल्याच देशात बोटीने जाण्याच्या आणखीही वाटा आहेत. २०११ ते २०२२ या काळात आम्ही घरची पाच माणसे तीन निरनिराळ्या बोटींवर चढलो. कोठे कशी सेवा मिळाली, कोठे कोणाचे मन रमले आणि दिलेल्या पैशांचा मोबदला कितपत पदरात पडला, ते आपणांस सांगावयाचे आहे.

पाच माणसे म्हणजे आम्ही उभयता, दोन मुले आणि माझी आई. आमचे बिऱ्हाड हैदराबादेस; समुद्राचा वाराही तेथवर पोहोचत नाही. परंतु आई मूळची वेंगुर्ल्याची. तिच्या लहानपणी कोकणच्या किनाऱ्यावर आगबोटी चालत. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली बोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण अशी बंदरे घेत खाली येई. पुष्कळ ठिकाणी धक्का नव्हताच. बोट दूर खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, आंब्यांच्या पेट्या, सुक्या मासळीच्या गोणी, सारे काही पडावांतून तिच्यापर्यंत न्यावे लागे. १९६६ साली लग्न होऊन आई मुंबईस निघाली तीही अशीच, डेकवर पथारी टाकून. पुढे रस्ते झाले, एस. टी. आली, बोटी बंद पडल्या, १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण खुली झाली. आईचा समुद्र मात्र तेथेच राहिला होता. "एकदा बोटीवर निजायचे आहे," असे ती अधूनमधून म्हणे. तिचे गुडघे दुखू लागले, तेव्हा हे वाक्य आम्ही प्रथम नीट ऐकले.

पहिला प्रवास अंदमानचा, २०११ सालचा. नोकरीतील प्रवास-सवलतीचा आधार होता म्हणूनच तो घडला. मुख्य भूमीवरून अंदमानास चेन्नई, कोलकाता व विशाखापट्टणम् या तीन बंदरांतून सरकारी बोटी जातात. चेन्नईपासूनचे अंतर सुमारे बाराशे किलोमीटर. तीन दिवस धरून चालावे. आता श्री विजयपुरम् हे नाव मिळालेले बंदर त्या वेळी पोर्ट ब्लेअरच होते.

ही सहलीची बोट नव्हे, हे आपण आधीच मनाशी पक्के केले पाहिजे. ती द्वीपवासीयांची एस. टी. आहे. शिक्षणासाठी गेलेली मुले, शस्त्रक्रिया करून परतणारे वृद्ध, सुट्टी संपवून निघालेले शिपाई, लग्नाचा बस्ता बांधून निघालेली कुटुंबे, यांच्यासाठी ती आहे. आपण तिच्यावर पाहुणे. बंक वर्गात एका मोठ्या दालनात एकावर एक बर्थ असतात; त्याहून अधिक पैसे मोजले तर केबिन मिळते. आम्ही चार बर्थांची केबिन घेतली आणि धाकटीला आईजवळ निजविले. भाड्यात मिळते ती निजण्याची जागा. जेवणाचे पैसे वेगळे द्यावयाचे. भात, सांबार, भाजी, मासे असे साधे अन्न ठरलेल्या वेळी मिळते. वेळ चुकली की गेली, आणि कोणी मनधरणी करावयास येत नाही.

दुसऱ्या दिवशी बंगालच्या उपसागराने आमची परीक्षा घेतली. सौभाग्यवती व थोरला मुलगा अंथरुणास खिळले, पोटात पाणी ठरेना. बोटीवर डॉक्टर होते, त्यांनी गोळ्या दिल्या. परंतु खरी शुश्रूषा केली ती शेजारच्या केबिनमधील एका बंगाली आजींनी. त्यांनी सुका आवळा तोंडात ठेवावयास दिला, मुलास उचलून डेकवर नेण्यास सांगितले आणि क्षितिजाकडे नजर लावून बसावयास लावले. तासाभरात तो उठून उडणारे मासे मोजू लागला. आई आणि त्या आजी यांना एकमेकींची भाषा येत नव्हती. तीन दिवस दोघी शेजारी बसून नारळाची बर्फी, मासळीचे कालवण व सुनांचे स्वभाव या विषयांवर बोलत होत्या, असे आमच्या घरी अजून सांगितले जाते.

या बोटीचे वातावरण असे आहे. तेथे करमणुकीचा कार्यक्रम नाही, म्हणून माणसे एकमेकांची करमणूक होतात. चौथ्या दिवशी पहाटे गर्द हिरव्या टेकड्या दिसू लागल्या. १९११ साली सावरकरांना 'महाराजा' बोटीने याच किनाऱ्यास आणले होते, हे मुलास सांगितले तेव्हा तो इतकेच म्हणाला, "त्यांना पण उलटी झाली असेल का?" आपण इतिहास शिकवितो तो एका बाजूने, मुले शिकतात दुसऱ्याच बाजूने.

पैशाच्या दृष्टीने पाहता एवढ्या अंतरास एवढे कमी भाडे दुसरीकडे क्वचितच पडेल. परंतु वेळापत्रक हवामानावर व बोटींच्या दुरुस्तीवर अवलंबून असते, आणि तारखा फार आधी कळत नाहीत. ज्यांची रजा मोजून मिळते त्यांनी जाताना बोट व येताना विमान असा बेत करावा. आम्ही तसाच केला.

दुसरा प्रवास लक्षद्वीपचा. २०१८ साली डिसेंबरात आम्ही कोचीहून निघालो. येथे बोटही सरकारी, पण बेत सहलीचा. लक्षद्वीप प्रशासनाची पर्यटन संस्था 'समुद्रम्' नावाची पाच दिवसांची सफर चालवीत असे, आणि तीवर 'एम. व्ही. कवरत्ती' ही सुमारे सातशे प्रवाशांची बोट होती. रात्री बोटीवर निजावयाचे, दिवसा एकेक बेट पाहावयाचे: कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. छत्तीस बेटांपैकी वस्ती आहे ती दहांवर, आणि सर्वांचे मिळून क्षेत्रफळ अवघे बत्तीस चौरस किलोमीटर. तेथे जावयास परवाना लागतो. तो संस्थाच काढून देई, मात्र कागदपत्रे पुष्कळ आधी पाठवावी लागत.

या बोटीवर सहलीचे प्रवासी आणि बेटांवरचे रहिवासी एकत्र होते, हे मला विशेष वाटले. आमच्या मजल्यावर गुजरात, बंगाल, कर्नाटक येथली कुटुंबे. खाली तांदळाची पोती, सायकली, तान्ही मुले घेतलेल्या बायका. सेवा अंदमानच्या बोटीहून अधिक आपुलकीची, कारण येथे आपणांस पाहुणे म्हणून बोलावलेले असते. बेटावर पाऊल ठेवताच शहाळे हाती येई. दुपारचे जेवण किनाऱ्यावरच, माडांच्या सावलीत. त्यात कुप्पा मासा ठरलेला, आणि शाकाहारी लोकांसाठी निराळी पंगत. मिनिकॉयला १८८५ सालचे दीपगृह आहे. त्याच्या माथ्यावरून बाहेरचा गडद निळा समुद्र, आतले हिरवे उथळ पाणी आणि मधली फेसाची रेघ अशी तिन्ही एका दृष्टिक्षेपात दिसतात. तेथील लोक बेटांवरच्या इतरांप्रमाणे मल्याळमची बोली बोलत नाहीत. त्यांची महल भाषा मालदीवशी नाते सांगते. मुलांना मी हे सांगत होतो, आणि ती दोघे शंखातला खेकडा बाहेर येण्याची वाट पाहत होती.

परंतु मला सांगावयाचे आहे ते कल्पेनीचे. या बेटांभोवती प्रवाळाचे कडे आहे. त्यामुळे मोठी बोट खोल पाण्यात थांबते आणि तिच्या कुशीतल्या दारातून लहान यांत्रिक होडीत उतरावे लागते. दार उघडले. होडी हातभर वर येत होती, हातभर खाली जात होती. दोन खलाशी होडीत, दोन दारात. माझ्या पुढचे चांगले धडधाकट गृहस्थ तीनदा पाय पुढे करून मागे घेते झाले. आई त्या वेळी त्र्याहत्तर वर्षांची. "आपण बोटीवरच थांबू या," असे मी तिला म्हणालो, आणि खरे सांगावयाचे तर तिच्याहून मीच अधिक घाबरलो होतो. १९४७ च्या जुलैत मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. ती कहाणी कोकणातल्या प्रत्येक घरात सांगितलेली आहे, आणि मी ती आईकडूनच ऐकली होती.

आईने माझा हात बाजूला केला. "लाट वर इली की पाय टाकूचो, खाली जाताना नाय," असे ती आपल्या माहेरच्या बोलीत पुटपुटली. तिने दोन लाटा जाऊ दिल्या. तिसरी वर आली तशी ती खलाशाच्या दंडावर हात टेकून सहज होडीत उतरली, जणू शेजारच्या ओटीवर गेली. खलाशी हसला आणि मल्याळममध्ये काहीतरी म्हणाला. आईने मान हलविली. मग तिने वर पाहून आम्हांस हुकूम सोडला, "आता तुम्ही या." मुलांनी आजीकडे त्या दिवशी निराळ्याच नजरेने पाहिले.

मोबदल्याचा हिशेब करता तिन्हींत ही सफर मला उजवी वाटली. निवास, जेवण, होड्या, बेटावरची व्यवस्था, सर्व एकाच रकमेत; आत गेल्यावर खिशात हात घालावयाचा प्रसंग शहाळ्यापुरताही आला नाही. ती अंदमानच्या भाड्याहून पुष्कळ महाग होती हे खरे. केबिन लहान, रात्री यंत्रांचा घुमारा सतत, आणि मुलांसाठी खेळण्याची अशी वेगळी जागा नाही. पण तिसऱ्या दिवसापर्यंत धाकटी पोहावयास शिकली होती, म्हणजे तिलाही कोणी खेळ शोधून द्यावा लागला नाही.

तिसरी बोट खऱ्या अर्थाने क्रूझची. २०२१ च्या सप्टेंबरात 'कॉर्डेलिया' या कंपनीने मुंबईहून 'एम्प्रेस' ही नौका सुरू केली. १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेली ही अकरा मजली बोट पूर्वी परदेशी कंपनीकडे होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही हिच्यावरून बॅलार्ड पिअर ते गोवा गेलो. आईचे गुडघे आता पायऱ्या चढू देत नव्हते. लक्षद्वीपच्या होडीत उतरणे तर दूरच, अंदमानच्या बोटीचा जिनाही तिला झेपला नसता. येथे चाकाच्या खुर्चीवरून ती थेट बोटीत गेली आणि उद्वाहनाने आपल्या मजल्यावर. सेवेचा खरा अर्थ मला तेथे कळला. एका तरुण सेवकाने तिला साखर चालत नाही हे पहिल्या चहालाच विचारून घेतले, आणि पुढे कोणास सांगावे लागले नाही. शाकाहारी व जैन जेवणाची सोय होती, आणि पोळ्या गरम होत्या. घरच्या बाईला दोन दिवस स्वयंपाकाचा विचारही करावा लागला नाही. ही किंमत पुरुषमंडळी हिशेबात धरीत नाहीत, ती धरावी.

मुलांचे तर विचारूच नका. पोहण्याचा तलाव, चढाईची भिंत, जादूचे प्रयोग, नाट्यगृह. मुलगा अठरा वर्षांचा, मुलगी चौदाची, दोघेही जेवणापुरते भेटत. आई मात्र पहिल्या संध्याकाळी खुर्चीत बसून इकडेतिकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "अरे, समुद्र कुठल्या मजल्यावर आहे?" हा काही बोटीचा दोष नव्हे. अंदमानची बोट प्रवाशांना हवी असते. येथे बोटीला प्रवासी हवे असतात, म्हणून ती त्यांना क्षणभरही रिकामे बसू देत नाही. ज्यांना गजबज हवी त्यांनी हिचीच निवड करावी.

पैशाविषयी एक सूचना. कोणत्याही क्रूझचा जाहिरातीतील आकडा हा शेवटचा आकडा मानू नये. कर, बंदरशुल्क, सेवाशुल्क त्यात आहेत काय, खिडकीच्या खोलीस किती अधिक पडते, मुलांचे भाडे कसे आकारतात, किनाऱ्यावरच्या सहलीचे निराळे द्यावे लागतात काय, हे सर्व विचारून एकूण रक्कम कागदावर मांडावी आणि माणशी, रात्रीगणिक भागावी. आम्ही तसे मांडले तेव्हा दोन रात्रींचा हा खर्च लक्षद्वीपच्या पाच दिवसांच्या जवळपास जाऊन बसला. तो मला खटकला. पण आईला घेऊन समुद्रावर जाण्याचा तेव्हा दुसरा मार्गच उरला नव्हता.

पहिल्या रात्री तीनच्या सुमारास तिने मला हलवून उठविले. नाचगाणी केव्हाच थांबली होती. खुर्ची ढकलीत मी तिला उघड्या डेकवर नेले. वारा गार होता. तिने शाल डोक्यावरून घेतली. कितीतरी वेळ अंधाराशिवाय काही दिसेना. मग दूर, किनाऱ्याच्या बाजूला, एक दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लुकलुकला. वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडक आहेत आणि त्यांवर दीपगृह आहे. तो दिवा त्याचाच होता की कोणा मासेमारी होडीचा, हे मी कोणास विचारले नाही. आईने ते ठरवून टाकले होते. ती त्या दिव्याकडे पाहत उजाडेपर्यंत तेथेच बसली, आणि नंतर बिनसाखरेचा चहा मागितला.

आपण वडीलधाऱ्यांना घेऊन या वाटेने जाणार असाल तर एक लक्षात ठेवावे. मुंबईहून गोव्यास जाताना किनारा डाव्या हातास असतो आणि परतताना उजव्या. खोली ठरविण्यापूर्वी ती कोणत्या बाजूची आहे, एवढे विचारून घ्यावे.